पिवळा दिवा आणि पेट्रोलची वाफ

शाळेच्या स्मरणिकेत पायाभरणीला, पहिल्या तुकडीच्या निकालाला, ग्रंथालयाला आणि देणगीदारांच्या नामावलीला जागा मिळते. वाहनाला ती सहसा मिळत नाही. तथापि आमच्या वसतिगृहाचा तांदूळ, तूरडाळ आणि गॅसचे सिलिंडर ज्या लहानशा पिकअपमधून येतात, तापाने फणफणलेल्या मुलाला मांडीवर घेऊन अधीक्षक रात्री-अपरात्री जिच्यातून ग्रामीण रुग्णालय गाठतात, तिच्याविषयी लिहावे असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. संपादक मंडळाने आमच्याकडे शाळेच्या इतिहासावर लेख मागितला. इतिहास हाच आमचा विषय असल्याने मागणी योग्यच होती. आम्ही देत आहोत तो लेखही, आमच्या मते, इतिहासाचाच आहे. फक्त त्यातील साक्षी इंजिनावर बसवलेल्या सेन्सरांच्या आहेत.

गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पिकअप म्हटली की आपल्याकडे डिझेलचे इंजिन डोळ्यांपुढे येते. ही पेट्रोलवर चालणारी, बीएस-४ काळातली, म्हणजे इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेल्यानंतरची. पहिल्या मालकाने तिच्यातून भाजीपाला वाहिला होता. हौद्याचा पत्रा दोन ठिकाणी वेल्डिंग करून सांधलेला होता, पण इंजिन निरोगी होते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मात्र तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी गार असताना ती एका सेल्फमध्ये सुरू होई. पंपावर पेट्रोल भरून निघावे तर सेल्फ मारून मारून बॅटरी दमे, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तरच काळा धूर सोडीत ती जागी होई. चौकात थांबली की थरथरे. दुपारी शेडजवळून जाताना पेट्रोलचा वास येई. आणि चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा तो पिवळा दिवा जळत राही.

विदर्भातला मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पेट्रोलच्या वाफेचा विचार वेगळा समजावून सांगायला नको. पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीची टाकी किती तापत असेल, ते शेडच्या खांबाला हात लावला तरी कळते.

जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या गॅरेजात गाडी नेण्यात आली. तिथे स्कॅनर लावला गेला आणि पडद्यावर कोड उमटला: पी ०१७२. त्याचा अर्थ असा की इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल अधिक आहे. मेकॅनिकांच्या भाषेत मिक्श्चर रिच आहे. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनावरून नोंदली जाते, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलण्यात आला. दिवा विझला. आठ दिवसांनी तो पुन्हा लागला. मग हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर बदलला. दिवा पुन्हा विझला, पुन्हा लागला. स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतोच, हे तेथे कोणी सांगितले नाही. या दोन दुरुस्त्यांत ९,५०० रुपये गेले. ही रक्कम कुठून येते ते या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊक आहे: सोयाबीन विकून आलेला पालक जाताना कार्यालयात ठेवतो त्या पाचशेच्या नोटेतून, आणि माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या पगारातून. तिसरी दुरुस्ती सुचवण्यात आली ती इंजिनाचा संगणकच बदलण्याची. तेव्हा व्यवस्थापन समितीत गाडी भंगारात काढावी असा ठराव मांडला गेला.

त्या बैठकीत एका सदस्याने आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचे नाव घेतले. दहावीनंतर त्याने आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि तालुक्याच्या गावी, बस स्थानकामागे, स्वतःचे छोटे गॅरेज टाकले. बैठकीत शांतता पसरली. जिथे मोठ्या गॅरेजला जमले नाही तिथे या पोराला काय जमणार, हे कोणी बोलले नाही. पण ते ऐकू आले. आम्ही इतकेच म्हटले की दोन वेळा पैसे देऊन आपण उत्तर विकत घेतले, एकदा प्रश्न नीट विचारणारा माणूस बघूया. ठराव एका आठवड्यासाठी पुढे ढकलला गेला.

तो आला तो दुपारी नव्हे, सकाळी साडेपाचला. मुले ओट्यावर दात घासत होती. इंजिन रात्रभर गार झालेले असतानाच काही गोष्टी तपासता येतात, असे त्याचे म्हणणे. बरोबर एक लहान स्कॅनर, एक मल्टिमीटर, पाने, फडके आणि शिवणाचा दोरा. जुन्या गॅरेजची बिले त्याने आधी वाचली, मग चालकाला बाकावर बसवून पंधरा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. कधी सुरू होत नाही? पेट्रोल भरल्यावरच की नेहमी? भरताना पंपाचा नोझल मध्येच बंद पडतो का? टाकीचे झाकण उघडल्यावर आवाज येतो का? इतिहासाच्या विद्यार्थ्याला आम्ही साधन-चिकित्सा शिकवतो ती हीच: साधन काय म्हणते त्याआधी ते कोणी, कुठून आणि केव्हा म्हटले ते पाहावे. आम्ही तसे त्याला म्हटले तेव्हा तो हसला.

“सर, कोड म्हणजे तक्रार. तक्रार कोणी केली ते त्यातून कळतं. दोष कोणाचा, ते कळत नाही.”

हे वाक्य त्याने सहज उच्चारले. तथापि दोन बिलांतले सारे काही त्यात आले. ऑक्सिजन सेन्सर धुराच्या नळीत बसलेला असतो आणि जळून गेलेल्या वायूत प्राणवायू किती उरला ते व्होल्टेजच्या रूपाने सांगतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान त्याचा काटा वरखाली होत राहतो. पेट्रोल अधिक असेल तर तो वरच्या बाजूला राहील. आमच्या गाडीत तो वरच्या बाजूला राहत होता, कारण पेट्रोल खरोखरीच अधिक होते. खरे बोलणाऱ्या साक्षीदाराला पिंजऱ्यातून काढून त्याच्या जागी नवा साक्षीदार बसवला गेला, आणि नव्यानेही तेच सांगितले.

मग त्याने एकेका सेन्सरची उलटतपासणी घेतली. गार इंजिनात पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान सांगणारा सेन्सर, दोघांनी एकच आकडा सांगायला हवा, कारण रात्रभरात सारे काही बाहेरच्या हवेइतके झालेले असते. पडद्यावर दोन्ही २९ अंश दाखवीत होते. समजा पाण्याच्या सेन्सरने अशा वेळी शून्याखाली दहा सांगितले असते, तर संगणकाने हिवाळा समजून पेट्रोल वाढवले असते. तो निर्दोष सुटला. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब सांगायला हवा. आपल्या उंचीवर तो ९७ किलोपास्कलच्या आसपास असतो. पडद्यावरही तसाच आकडा होता. इंजिन सुरू झाल्यावर तो खाली उतरला आणि चाळिशीच्या खाली स्थिरावला. तोही सुटला. एखादा जादा फवारणारा इंजेक्टर किंवा वाढलेला इंधनदाबही मिश्रण बिघडवू शकतो, पण मग सकाळी गार असतानाही गाडीने त्रास दिला असता, असे सांगून त्याने ते शेवटी पाहायचे ठरवले.

कोड नोंदला जातो त्या क्षणाची इंजिनाची स्थितीही संगणक जपून ठेवतो. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. आधीच्या गॅरेजात ती कोणी उघडलीच नसावी. त्यात असे होते: पाणी ९० अंशांच्या वर, गाडीचा वेग शून्य, इंजिन रिकाम्या गतीवर. म्हणजे तक्रार तापलेल्या, उभ्या गाडीची होती. त्यापुढे त्याने आम्हांस ‘फ्युएल ट्रिम’ दाखवला. संगणक हिशेबाप्रमाणे ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के वाढ किंवा कपात करीत आहे, याची ती खातेवही. इंजिन तापेपर्यंत बसून नंतर पाहिले तर उभ्या गाडीत कपात वीस टक्क्यांच्या पलीकडे होती; रेस वाढवून अडीच हजार फेऱ्यांवर नेली की कपात जवळजवळ नाहीशी होई. संगणक पेट्रोल कमी करीत होता आणि तरीही मिश्रण गडद राहत होते. याचा अर्थ त्याच्या हिशेबात नसलेले पेट्रोल दुसऱ्या एखाद्या वाटेने आत येत होते, आणि जेव्हा इंजिन हवा थोडी ओढते तेव्हाच ते भारी पडत होते.

ही दुसरी वाट म्हणजे वाफेची. पेट्रोल टाकीत बसल्या बसल्या उडत असते. डिझेलचे तसे फारसे होत नाही, म्हणून डिझेल पिकअपच्या मालकांना ही भानगड माहीत नसते. पेट्रोलच्या गाडीत टाकीतली वाफ एका डब्यात नेली जाते. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे असतात आणि ते वाफ धरून ठेवतात. हा डबा म्हणजे कॅनिस्टर. इंजिन तापून नीट चालू लागले की संगणक पर्ज व्हॉल्व्ह नावाची छोटी विजेची झडप हप्त्याहप्त्याने उघडतो. इंजिनाच्या ओढीने कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत शिरते, कोळशातली वाफ उचलते आणि इंजिनात नेऊन जाळते. वाया जाणारे पेट्रोल कामी येते आणि हवेत जात नाही. इंजिन बंद असताना किंवा गार असताना झडप बंदच असली पाहिजे.

हा डबा गाडीत कसा आला, त्याला मोठा इतिहास आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर असे धुरके पसरले की शत्रूने विषारी वायू सोडला असे काहींना वाटले. डोळे चुरचुरत, पिके करपत, आणि कारण कोणाला सापडत नव्हते. अननसाच्या स्वादावर संशोधन करणाऱ्या आरी हाखन-स्मित या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की गाड्यांतून आणि तेलाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बन वाफा आणि नायट्रोजनची संयुगे यांच्यावर ऊन पडले की ते धुरके तयार होते. मोटार उद्योगाने हे सहजी मान्य केले नाही. धूर तर डोळ्यांना दिसतो, पण उभ्या गाडीच्या टाकीतून उडणारी वाफही दोषी आहे, हे पटवायला वेळ लागला. १९७० पासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत नव्या गाड्यांना ती वाफ धरून ठेवणे भाग पडले. ऑक्सिजन सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांवर प्रथम आला. आपल्याकडे दिल्लीच्या हवेसाठी एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, २००० मध्ये ते देशभर झाले. शिशाचे पेट्रोल असते तर ऑक्सिजन सेन्सर टिकलाच नसता. बीएस-४ ची मानके २०१० मध्ये निवडक शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. आमच्या शेडमधल्या पिवळ्या दिव्यामागे एवढी माणसे उभी आहेत.

आता पुन्हा शेडमध्ये. त्याने इंजिन बंद करून थंड होऊ दिले, मुलांना लांब उभे केले, आजूबाजूला कोणी विडी ओढत नाही ना ते पाहिले. गार इंजिन सुरू करून पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढली आणि त्या तोंडावर अंगठा ठेवला. अंगठा ओढला गेला. या वेळी तिथे ओढ नसायला हवी होती. झडप सोडवून, स्वच्छ पुसून तिच्यात फुंकर मारली तर हवा सरळ पार गेली. वीज नसताना ती जाऊ नये. झडप उलटी करून हातावर आपटली तेव्हा काळे बारीक दाणे पडले. कोळसा. कॅनिस्टरच्या आतली जाळी फुटून त्याचे दाणे झडपेत अडकले होते आणि ती कायमची अर्धवट उघडी राहिली होती. संगणकाला याची खबर नव्हती, कारण झडपेची विजेची तार शाबूत होती आणि आमच्या गाडीचा संगणक एवढेच पाहत होता. म्हणून झडपेचा कोड कधी उमटला नाही.

काम इथेच संपले असे आम्हांस वाटले. त्याला तसे वाटले नाही. “जाळी का फुटली, ते बघू.” त्याने टाकीचे झाकण अगदी हळूहळू सैल केले आणि फटीशी शिवणाचा दोरा धरला. तापलेल्या टाकीतून हवा बाहेर यायला हवी. दोरा आत ओढला गेला. म्हणजे टाकीत ओढ निर्माण झाली होती आणि बाहेरची ताजी हवा कॅनिस्टरपर्यंत पोचतच नव्हती. कॅनिस्टरचा श्वास घेण्याचा मार्ग शोधत तो हौद्याखाली सरपटत गेला आणि हसत बाहेर आला. त्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. शेडमध्ये उन्हाळाभर गाडी कमी फिरते, तेवढ्यात तिने संसार थाटला. हा मार्ग बंद असला की पंपावर टाकीतली हवा नीट बाहेर निघत नाही, नोझल पुन्हा पुन्हा टक् करून बंद पडतो, आणि भरणारा माणूस वैतागून दाबत राहतो. त्यातून आपल्याकडे ‘राउंड फिगर करा’ ही सर्वमान्य रीत. नोझल थांबला तरी बिल पुरते करायला आणखी पाऊण लिटर आत जाते, टाकी गळ्यापर्यंत भरते आणि वाफेच्या नळीतून थेट पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरते. कोळसा वाफेसाठी असतो. ओल्या पेट्रोलात तो भिजून खराब होतो, दाणे सुटतात. आणि भरल्याबरोबर गाडी सुरू का होत नव्हती तेही उलगडले: उघड्या झडपेतून ते सारे इंजिनात ओढले जाई.

नवी झडप आणि नवा कॅनिस्टर मिळून ३,८०० रुपये लागले. मजुरी त्याने सांगितली नाही. अधीक्षकांनी बळेच हातात दिली. रबराच्या दोन नळ्या दाबल्या की भेगा दिसत होत्या, त्याही बदलल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही, असे तो म्हणाला. माशीच्या त्रासावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाला त्याने बारीक जाळी बांधली. शाळेत कोणाकडे पेट्रोलची जुनी गाडी असल्यास तेवढी जाळी तरी अवश्य बांधावी.

एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. दुरुस्तीनंतर तो हात धुवायला नळावर गेला आणि मुलांनी त्याला पेट्रोलची बाटली पुढे केली. ग्रीस काढायला सारे मेकॅनिक पेट्रोल वापरतात, हे पोरांनी पाहिलेले. त्याने साबण मागितला. शिकाऊ असताना तो रोज पेट्रोलने हात धूत असे, रोज संध्याकाळी डोके दुखत असे. ते त्याने सोडले. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. ते श्वासातून जाते, कातडीतूनही जाते. ज्या वाफेपासून शहराची हवा वाचवायला कायदे झाले, ती वाफ सर्वांत जवळून घेणारी माणसे पंपावर नोझल धरून उभी असतात आणि गाड्यांखाली पालथी पडलेली असतात. आमच्या शाळेतून गेलेल्या मुलांत अशी मुले थोडी नाहीत.

या स्मरणिकेसाठी ‘आमचे यशवंत’ या सदराची यादी आमच्याकडे तपासायला आली. तीत उपजिल्हाधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांचा आम्हांस अभिमान आहे, आणि यादी करणाऱ्यांचा हेतूही चांगलाच आहे. आम्ही मोटर मेकॅनिक असा एक रकाना वाढवून ती परत पाठवली. त्याखाली आतापर्यंत आम्हांस ठाऊक असलेली सात नावे आली आहेत. आणखी कोणाला ठाऊक असतील त्यांनी कार्यालयात कळवावे, यादी छपाईला जाईपर्यंत जागा ठेवली आहे.

गाडी भंगारात काढण्याचा ठराव मागे घेण्यात आला. तिचा इंधनाचा काटा मात्र अजून अर्ध्यावरच अडकतो. तो दिवाळीच्या सुटीत टाकी उतरवून पाहणार आहे. त्यासाठी टाकी जवळजवळ रिकामी असावी लागते, म्हणून त्या आठवड्यात पेट्रोल भरू नये असे त्याने चालकाला आताच सांगून ठेवले आहे.